उंगातच्या दारची तुआक

कानोवित नदीच्या काठी उंच खांबांवर उभं आमचं लांबघर आहे, खाली डुकरं बांधलेली. एका छपराखाली ओळीने दारं, एक दार म्हणजे एक संसार, आणि सगळ्या दारांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पडवी. सुगी सरली की गवायचा सण येतो. त्या दिवशी पाहुणे पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत प्रत्येकाची तुआक चाखत जातात. तांदळाची ही दारू घरोघरी बायका घालतात, तुम्ही लोणचं घालता तशी. कोणाची कशी उतरली यावर पुढचं वर्षभर गप्पा चालतात, त्यामुळे इथे कोणाचं काही झाकून राहत नाही.

उंगातच्या दारची तुआक नावाजलेली होती. ती त्याची बायको चुंदाऊ घालायची. उंगात ती प्यायचा, पाहुण्यांना आग्रह करकरून पाजायचा आणि कोणी वाखाणली की छाती फुगवायचा, जणू काही रांजण त्यानेच राखला होता. मग चुंदाऊ गेली. सुतक फिटलं, पुढचा गवाय तोंडावर आला आणि दारात काय ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. मिरी शहरात नोकरी करणारी त्याची मुलगी सेंती फोनवर म्हणाली, "आपाय, बाजारातून बाटल्या घेऊन या. हल्ली पुष्कळ जण आणतात."

"माझ्या दारात विकतची?" उंगात म्हणाला. "तांदूळ आणि पाणी, एवढंच तर असतं त्यात. मी रबराची बाग उभी केली, होड्या बांधल्या. हे काय मोठंसं लागून गेलंय?"

झालं. त्याने चिकट तांदूळ शिजवला आणि वाफ जिरायच्या आतच त्यावर खमिराच्या वड्या कुस्करून टाकल्या. वड्याही दुपटीने घातल्या, कारण दारू म्हणजे कडक हवी एवढंच त्याला दारूतलं कळत होतं. वर रोज झाकण उघडून नाक आत घालायचा. शेजारणी येता-जाता बघत होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. त्याने विचारलं नव्हतं, आणि न विचारता पुरुषाला शिकवायला जाईल एवढी भोळी बाई आमच्या लांबघरात नाही.

गवायच्या दिवशी पाहुण्यांची रांग त्याच्या दाराशी आली. सर्वांत पुढे पलीकडच्या काठचा मुखिया, लासू. त्याने पेला घेतला, घोट घेतला आणि तो घोट गिळावा की थुंकावा या विचारात क्षणभर तसाच उभा राहिला. गिळला बिचाऱ्याने. पण त्याचा चेहरा मागच्यांनी पाहिला होता.

आमच्यात समोर आलेलं खाणंपिणं नाकारून पुढे जाणं अपशकुनी. असा माणूस वाटेत मगरीच्या नाहीतर सापाच्या तोंडी जातो. म्हणून ज्याला नको असेल त्याने निदान पेल्याला बोट लावायचं आणि ते बोट गळ्याला टेकवायचं, की दोष टळतो. लासूच्या मागच्याने पेल्याला बोट लावलं, हसून गळ्याला टेकवलं आणि पुढे सरकला. त्याच्या मागच्यानेही तेच केलं. मग तिसऱ्याने. उंगात हातात भरलेला पेला धरून उभा, आणि माणसं एकामागून एक पेल्याला बोट लावून जात होती. कोणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

ती इच्छा लगेच पुरी झाली. चुंदाऊची थोरली बहीण इंदाय रांबा त्याच पडवीवर चार दारं सोडून राहते. ती आली, तिने पेला त्याच्या हातातून घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला. एक थेंब ठेवला नाही. मग तोंड पुसून, अख्ख्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, ही तुआक नव्हे. ही डुकरांच्या जखमा धुवायला ठेव. पोरगी नसती का घालू शकली? नाहीतर आणायची होतीस विकत. माझ्या बहिणीच्या दारात हे मांडताना हात कसा धजला तुझा?"

"थोडी आंबट झालीय," उंगात पुटपुटला.

"थोडी? आणि आंबट का होते माहितीये ना? घालणाऱ्याच्या डोक्यात अहंकार असला की होते." पेला तिने त्याच्या हातात उलटा दिला आणि पुढच्या दाराकडे गेली.

उंगातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सगळे सणाच्या झोपेत असताना तो रबराच्या बागेत जाऊन बसला. पुढे कितीतरी दिवस तो पडवीवरून न जाता मागच्या शिडीने उतरायचा. लाज बाईच्या बोलण्याची नव्हती, तिला तर तो लग्नापासून ओळखत होता. लाज त्या हसऱ्या बोटांची होती.

पण पठ्ठ्या हटवादी. दार लावून, फोनवरचे व्हिडिओ बघून त्याने पुन्हा तांदूळ घातला. तो नासला. पुन्हा घातला, त्यावर बुरशी आली. दोन्ही वेळा त्याने गुपचूप माल फळ्यांच्या फटीतून खाली ओतला आणि खालच्या डुकरांनी तो मनापासून संपवला. मग दुपारभर डुकरं खांबांना धडकत फिरत होती आणि पडवीवर बायका पोट धरून हसत होत्या. "आपाय सेंतीच्या डुकरांचा गवाय अजून चालूच आहे ग," एक म्हणाली. आपाय सेंती म्हणजे सेंतीचा बाप; आमच्यात थोरांना असं पोराच्या नावाने ओळखतात. उंगात आत बसून ऐकत होता. त्याचे कान तापले होते.

शेवटी एक मोठा मासा घेऊन तो इंदाय रांबाच्या दारात गेला. ती चटई विणत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मासा आणलाय," तो म्हणाला.

"दिसला. तिकडे ठेव. आणखी काय?"

"तुआक..."

"तुआकचं काय?"

"तुला माहितीये काय ते."

"मला काही माहीत नाही. तोंड आहे ना तुला? तोंडाने माग."

जंगलात रानडुकरासमोर उभा राहिलेला माणूस, पण हे वाक्य काही केल्या निघेना. "मला येत नाही," तो अखेर म्हणाला. "शिकव मला."

"बस," ती म्हणाली.

शिकवणं कसलं, छळच होता तो. तांदूळ धुतला तर म्हणे कपडे धुतोस काय. शिजवला तर म्हणे लगदा केलास. शिजलेला भात तिने त्याला चटईवर पसरायला लावला आणि पूर्ण निवेपर्यंत शेजारी बसवून ठेवलं. दर थोड्या वेळाने तो विचारायचा, झाला का. ती म्हणायची, मनगटाच्या आतल्या बाजूने बघ, बोटांना काय कळतंय तुझ्या. वड्या बारीक कुटून, चाळून, चिमटीने भुरभुरायच्या. झाकण लावलं की लावलं. "उघडलंस तर हात मोडीन," ती म्हणाली, आणि त्याला ते खरं वाटलं. पहिली खेप पुचाट निघाली. दुसरी बरी होती, पण ती म्हणाली, "डुकरं पितील." तिसऱ्या खेपेला तिने घोट घेतला, काही न बोलता बरणीचं झाकण लावलं आणि दुसऱ्या कामाला लागली. उंगात त्या दिवशी पडवीच्या मधून चालत घरी आला.

पुढच्या गवायला सेंती मिरीहून आली. बापाने विकतच्या बाटल्यांना हात लावला नाही हे कळल्यावर तिचा जीव खालीवर होत होता. मागच्या वर्षीचं तिने फोनवर ऐकलं होतं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी तिखटमीठ लावायला कमी केलं नव्हतं. पुन्हा तसंच झालं तर या दारात लोक केवळ दोष टाळायला थांबतील, आणि हे दार तिच्या आईचं होतं. तिने पेले स्वतः पुसले.

रांग आली. पुढे लासूच. मुखियाचं बोट आधीच अर्धं उचललेलं होतं, उंगातला ते स्पष्ट दिसलं. पण रंग आणि वास पाहून लासूने बोट मागे घेतलं आणि जपून घोट घेतला. मग दुसरा. मग पेला संपवून पुढे धरला. मागचे पुढे सरसावले. कोणी बोट लावलं नाही. रांग तिथेच मोडली आणि माणसं उंगातच्या दारासमोर बसकण मारून बसली. सेंती भरत होती, रिकामे पेले परत येत होते. उंगातच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते चुलीच्या धुरावर ढकललं.

"हुबेहूब चुंदाऊची," लासू म्हणाला.

"छे," दुसरा म्हणाला. "तिची इतकी गोड नसायची. शेवटी घशात एक चटका असायचा."

"चटका तुझ्या बायकोच्या तुआकला. चुंदाऊची निव्वळ मध."

"मध कसला, तुला तेव्हा दातदुखी होती."

वाद रंगला. मग लासूने हात वर केला. "भांडता कशाला? उंगातला विचारा ना. जन्मभर प्यायलाय तो. काय रे, गोड होती की कडक?"

सगळे त्याच्याकडे वळले. उंगातने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आत काहीच नाही. कुठल्या गवायला कोण धक्क्यावरून नदीत पडला ते त्याला आठवत होतं. कोणाचा कोंबडा जिंकला तेही आठवत होतं. चुंदाऊच्या तुआकची चव मात्र आठवेना.

"चांगली होती," तो म्हणाला.

"ते आम्हालाही ठाऊक आहे. गोड की कडक, ते सांग."

"मला नाही सांगता येणार."

लोक हसले. त्यांना वाटलं चढलीय. उंगात मान खाली घालून म्हणाला, "खरंच नाही ठाऊक. मी कधी लक्ष देऊन प्यायलोच नाही."

हसू विरलं. सेंती हातात तुआकचा तांब्या घेऊन उभी होती. ती बापाकडे बघेना. मागच्या वर्षीची लाज त्याला बरी वाटली. ती हातांच्या चुकीची होती, माणूस शिकला की ती भरून निघत होती. ही कोणाला विचारून भरून निघणार नव्हती.

इंदाय रांबा त्याच्या शेजारी येऊन बसली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "रांजण उघडला की पहिला पेला ती तुला द्यायची," ती म्हणाली. "आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. दरवर्षी."

उंगातला हे माहीत नव्हतं. त्याला एवढंच आठवत होतं, की पेला संपला की तो वर न बघता पुढे करायचा, आणि तो भरून परत यायचा.