यादी लागायच्या आधीची कार्डं

माझ्या मुलीला बाजारभाव आहे, हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींकडून कळलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

भाऊजी नात्यातले नाहीत. बिबवेवाडीत आमच्या डोक्यावर राहतात, मार्केट यार्डात कांदा-लसणाचे आडते आहेत आणि माझ्या नवऱ्याला अरे-तुरे करतात, म्हणून माझे भाऊजी. दुपारी गाळ्यावरून परत आले की जेवून हा माणूस कार्डं मांडून बसतो. क्रिकेटपटूंची कार्डं. पत्त्यांपेक्षा जरा मोठी, पुढे फोटो, मागे धावा नि विकेटी. बरं, नावाजलेल्यांची असतील तर तेही नाही. ज्यांना अजून त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही, अशा सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींची. उद्या मोठ्या लीगमध्ये गेली, करार झाला, तर कार्डाला भाव. नाही गेली तर पुठ्ठा.

"हा काय छंद झाला?" मी एकदा विचारलं होतं.

"वहिनी, मोठ्या झालेल्याचं कार्ड कुणीही घेईल. त्यात डोकं काय लागतं?" ते म्हणाले होते.

माझं माहेर वर्ध्याकडचं. पुणेरी टोमणा मला पोहोचायला अजूनही वेळ लागतो. घरी येऊन भाजी चिरताना लक्षात आलं, की डोकं नाही असं मला म्हणाले.

माझी मुलगी डावखुरी फिरकी टाकते. गेल्या वर्षी मुलींची एक स्थानिक स्पर्धा झाली, तिच्या आयोजकांनी हौसेने प्रत्येकीची कार्डं छापली, आणि थोड्या कार्डांवर खेळाडूंच्या सह्या घेतल्या. आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून तिने सह्या केल्या. "आई, सही कशी करू?" म्हणाली. मी म्हटलं, पूर्ण नाव लिही, वडिलांचं धरून, शाळेत लिहायचीस तसं. ती सहीची कार्डं भाऊजींनी कुठून कुठून, अदलाबदल करून, जवळजवळ सगळी गोळा केली. मला दाखवायला मुद्दाम खाली घेऊन आले.

"ही बघा सही. अख्खं नाव. मोठी झाली ना, की नुसती रेघ मारतात. ही आधीची सही आहे, हिलाच किंमत."

खरं सांगते, मला गहिवरून आलं. आपल्या पोरीला आपण चांगलं म्हणणं वेगळं, आणि ज्याचं पोट पारख करण्यावर चालतं त्याने तिची कार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवणं वेगळं. त्या दिवशी मी त्यांना शिरा करून वर पाठवला. कार्डं जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात त्यांनी कौतुकाने मुलीलाही घेतलं. तिथेच चूक झाली. पोरगी रोज सकाळी दात घासायच्या आधी स्वतःचा भाव बघायला लागली. कुणी "ही पुढे जाणार" असं लिहिलं की दिवसभर गुणगुणायची. कुणी काही लिहिलं नाही की डब्यातली पोळी तशीच परत.

मग या वर्षी ते शिबिर आलं. लीगमधल्या एका संघाने नवीन मुली बघायला तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं, वाघोलीच्या पुढच्या एका मैदानावर. त्यातून दोघी-तिघींना करार मिळणार होता, त्यांची यादी शिबिरानंतर लागणार होती. करार म्हणजे खेळ हाच धंदा. म्हणजे नोकरी, नाव, सगळं. आमच्या घरात शिबिर हा शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम झाला. मी स्वयंपाक करताना दोनदा मीठ घालत होते. नवरा म्हणायचा, "तू जरा बस. तुला कुणी बोलिंग टाकायला बोलावलेलं नाही." बस म्हणे! बसता आलं असतं तर बसले नसते का?

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मुलगी पोहे खाता खाता फोन बघत होती. चमचा खाली ठेवला तिने.

"काकांनी मला विकायला काढलं," ती म्हणाली.

मी फोन हिसकावून घेतला. ग्रुपवर भाऊजींनी तिच्या सगळ्या सहीच्या कार्डांचा फोटो टाकला होता, ओळीने मांडलेला, आणि खाली लिहिलं होतं, देणे आहे. तीच कार्डं, जी मला दाखवायला खाली आणली होती. माझं डोकंच फिरलं. आठवड्याभरावर करार आलेला असताना हा माणूस विकतो कसा? याला काहीतरी कळलंय. वर ओळखी आहेत, गाळ्यावर सतरा प्रकारची माणसं येतात, कुणीतरी सांगितलं असणार की हिचं होत नाही. माझ्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं, की मी ऑफिसला फोन करून उशिरा येते म्हणाले आणि स्कूटर काढून थेट मार्केट यार्डात गेले.

लसणाच्या गोण्यांमधून वाट काढत गाळ्यावर पोहोचले, तेव्हा भाऊजी चहा पीत होते.

"वहिनी, लसूण हवाय की भांडायचंय? लसूण उद्या घ्या, भाव उतरणार आहे."

"तुम्हाला काय कळलंय ते सांगा आधी."

"कशाबद्दल?"

"अहो, कशाबद्दल काय! माझ्या मुलीची कार्डं का काढली विकायला? कोण म्हणालं तुम्हाला, तिचं होणार नाही म्हणून?"

ते चक्क हसले. मला वाटलं, तो चहाचा ग्लास उचलून आपटावा.

"कुणी काही म्हणालं नाही. मी दर वेळी यादीच्या आधीच काढतो. सगळ्यांचीच. हे बघा, नवा माल बाजारात यायच्या आधी जुन्याला भाव असतो, कारण नवा कसा येणार ते कुणालाच माहीत नसतं. एकदा आवक झाली की संपलं, भाव कळतो. यादीचंही तसंच. यादी लागेपर्यंत सगळ्याच पोरी यादीत असतात."

"आमची पोरगी म्हणजे काय लसूण आहे का?"

"पोरगी नाही. कार्ड." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, शंभरातला एखादा जातो पुढे. बाकीच्यांचा माझ्याकडे एक डबा आहे. त्यातला एक आता पोलिसात आहे, एक जण बँकेत. चांगली मुलं होती सगळी. मी यादीपर्यंत धरून बसलो ना, की ते कार्ड डब्यात जातं, आणि मग ते मला बघवत नाही."

बाप्पा! मला कळायला हवं होतं की माणूस मनापासून बोलतोय, पण मला तो डबाच दिसायला लागला. त्या डब्यात माझ्या मुलीचं अख्खं नाव, वडिलांचं धरून. मी स्कूटर काढून परत आले.

त्या दिवशी कुणी कार्डं घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. एकाने खाली नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं. संध्याकाळी मुलगी खाली पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू टाकायची, तर चेंडू आखूड पडत होते. क्रिकेटमधलं मला फार कळत नाही, पण तिचा हात मला कळतो. दोन चेंडू टाकायची, खिशातून फोन काढायची, बघायची, पुन्हा दोन टाकायची. मी गॅलरीतून बघत होते. अशी गेली शिबिराला, तर झालंच कल्याण.

मी तडक वर गेले.

"सगळी द्या मला," भाऊजींना म्हटलं. "आणि ग्रुपवर लिहा, सगळी एकाच माणसाला गेली म्हणून. कुणी घेतली ते लिहायचं नाही."

"घेणाऱ्याचं नाव आम्ही तसंही सांगत नसतो," ते म्हणाले. "पण वहिनी, हे बरं नाही."

"तुम्हाला विकायची होती ना? मग झालं तर."

त्यांनी दिली. पैशाचं बोलत नाही, भाऊजी त्या बाबतीत सरळ माणूस आहे. मी पाकीट ओढणीखाली धरून खाली आले आणि डाळीच्या डब्यांच्या मागे ठेवलं. अर्ध्या तासाने बाहेरच्या खोलीतून किंकाळी आली.

"आई! गेली! सगळी गेली, एकाच माणसाने घेतली!"

माझ्या गळ्यातच पडली. "कोण असेल गं? एकदम सगळी? त्याला काहीतरी माहीत असणार!"

मी म्हटलं, असणार. आणि त्या रात्री पोरगी पोटभर जेवली.

शिबिराचे तिन्ही दिवस मीच तिला स्कूटरवरून सोडलं. नगर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते, आणि ती मागून मला समजावत होती, "आई, वेळ आहे." ती शांत आणि मीच घामाघूम. टाकलंही तिने झकास. शेवटच्या दिवशीच्या सामन्यात तीन विकेटी. मी कुंपणाच्या बाहेर येरझारा घालून माझी चप्पल तोडली.

यादी आली, त्यात तिचं नाव नव्हतं.

मला वाटलं होतं, ती रडेल. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. तिने फोन उलटा ठेवला, हात धुऊन आली, आणि ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, त्या माणसाचं काय गं?"

"कुठल्या माणसाचं?"

"ज्याने माझी कार्डं घेतली. एकदम सगळी घेतली त्याने, आणि माझं झालंच नाही. त्याचं वाटोळं केलं मी. काकांकडून नंबर घे ना त्याचा. सॉरी तरी म्हणते."

खोटं बोलायचं ठरवलंच होतं तर तेव्हा बोलायला हवं होतं. पण ती स्वतःचं सगळं बाजूला ठेवून कुणा परक्याचं नुकसान मोजत उभी होती. मला ते सोसेना.

"त्याचं काही नुकसान झालेलं नाही," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

माझं तोंड म्हणजे उघडं पुस्तक. तिने एकदा बघितलं आणि तिला कळलं.

"सगळी तूच?"

"हो."

ती हसली. रडली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे बाहेरच्या एकानेही नाही घेतलं."

"अगं, पण मी घेतली ना!"

"तुझं घेणं धरायचं नाही, आई. मी एक चेंडू सरळ टाकला नाही तरी तू घेशील."

"घेईन! हजारदा घेईन! त्यात काय चुकलं माझं?" माझा आवाज चढला. इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर आलं. "तू दर दोन मिनिटांनी फोन बघत होतीस, तोंड एवढंसं करून! मी काय करायला हवं होतं? बघत बसायला हवं होतं?"

"मी तीन दिवस त्या माणसासाठी टाकत होते गं," ती म्हणाली.

कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला.

"खरं सांग," ती म्हणाली. "माझं होईल असं तुला वाटलं होतं का? घेतलीस तेव्हा?"

मी विचार केला. हो म्हणायला काय जात होतं? पण आता तिला आणखी एक खोटं द्यायची माझी छाती झाली नाही. "होईल की नाही, हे माझ्या डोक्यातच नव्हतं," मी म्हटलं. "ती कार्डं तिथे तशी पडून राहिलेली मला बघवेनात."

तिने मान हलवली. डाळीच्या डब्यांमागून मी पाकीट काढून दिलं, तेव्हा एकेक कार्ड उलटून तिने बघितलं. मला वाटलं, ठेवून घेईल, नाहीतर फाडेल.

"काकांना दे परत," ती म्हणाली. "लावू देत विकायला. सगळी."

"आता? यादी लागल्यावर? अगं, आता कोण..."

"तेच बघायचंय मला. कुणी घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. पण तू घ्यायचं नाहीस. शपथ."

मी घेतली शपथ. भाऊजींनी पाकीट हातात घेतलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. आता ती कार्डं पुन्हा ग्रुपवर आहेत, ओळीने मांडलेली. खाली पार्किंगमध्ये चेंडू भिंतीवर आपटतोय, तिचा फोन इथे टेबलावर पडलाय, तिने बरोबर नेलासुद्धा नाही. मी मात्र माझा उघडून बघते, मिटते, पुन्हा उघडते. भाऊजींना नुसता एक फोन केला तर काम होईल. अजून कुणी विचारलेलं नाही. मी घेणार नाही.