लाल गाडीच्या डाव्या मडगार्डसाठी मिरजगाव

माझा नवरा शरद गेला त्याला वर्ष होऊन गेलं. त्याची गाडी तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. महिन्यातून एकदा मी ती सुरू करायची, दहा मिनिटं घरघर ऐकायची आणि वर यायची. फेब्रुवारीत असंच कव्हर काढलं, तर डाव्या मडगार्डवरचा लाल रंग फुगून वर आलेला आणि मधोमध तडकलेला. तिथंच उभं राहून रडले. मग मलाच माझा राग आला आणि मी गॅरेजं शोधायला लागले.

गाडी म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची, तीसेक वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. हिचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. पत्रा असता तर कोणीही ठोकून सरळ केला असता. पुण्यात चार गॅरेजं पालथी घातली. तिघांनी एकच सांगितलं, "मॅडम, वरून लांबी मारतो, रंग देतो, कळणारसुद्धा नाही." लांबी म्हणजे गॅरेजवाल्यांची पुट्टी. ती मारूनच तर हे झालं होतं! चौथा जरा सरळ निघाला. म्हणाला, "नगर-सोलापूर रोडला मिरजगावात एक बापू आहेत. देवळांची शिखरं आणि ट्रॅक्टरची छतं करतात फायबरची. त्यांच्याकडं न्या."

मडगार्डचा तो भाग शरदनं स्वतः दुरुस्त केला होता. आजारपणात, केमोच्या दोन खेपांच्या मधल्या आठवड्यात. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. ते टिकावं एवढीच माझी इच्छा होती. आणि त्या कामाबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मी कोणालाही सांगितली नव्हती. ती पुढं सांगते.

पहिला दिवस

पहाटे पाचला निघाले. तुम्हीही जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर पाचच्या पुढं एक मिनिट थांबू नका, वाघोली आणि शिक्रापूर तुमचा अंत पाहतील. ही गाडी मी उभ्या आयुष्यात जेमतेम दहा वेळा चालवली असेन, तीही शरद शेजारी बसून "क्लच, क्लच" करत असताना. शिरूरला चहा घेतला. चहावाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "शूटिंग हाय का कुठं?" सुप्याजवळ ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला. नगरमध्ये (पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं) पेट्रोल भरलं आणि सोलापूर रस्त्याला लागले.

इथून पुढं रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी, मधूनच उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीमागं दोन किलोमीटर गेले, कारण या गाडीतून ओव्हरटेक करायचं माझ्यात धाडस नव्हतं. उघड्या टपामुळं सगळी धूळ केसांत. सुंदर प्रदेश आहे असं मी म्हणणार नाही. पण नजर लांबवर जाते, आणि वर्षभर भिंती बघितलेल्या माणसाला ते बरं वाटतं.

अकरा वाजता बापूंच्या शेडवर पोचले. दारात दोन पांढरे कळस, एक अर्धवट नंदी आणि ट्रॅक्टरच्या छतांची चळत. बापू साठीचे, बारीक, हातांवर रेझिनचे, म्हणजे फायबरच्या चिकट रसायनाचे, जुने डाग. त्यांनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि मडगार्डवर टकटक वाजवत गेले. मडकं घेताना वाजवून बघतात तसं. पुढून टणटण आवाज. मग एका जागी आवाज एकदम बसका झाला.

"हितं पोकळ हाय," बापू म्हणाले. त्यांनी पटाशीनं तडकलेला रंग काढला, खालची लांबी खरवडली आणि उघड्या पडलेल्या फायबरवर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं.

"अजून चिकाट हाय हे. हार्डनर कमी पडलंय, म्हून रेझिन घट्टच झालं न्हाई. कुनी केलं हे काम?"

"माझ्या मिस्टरांनी. आता ते नाहीत."

बापूंनी पटाशी खाली ठेवली. मग वाकून मडगार्डच्या वळणावरून तळहात फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "बाक मातर झकास दिलाय हो. उजव्या बाजूशी ताडून बघा, तसूभर फरक न्हाई. शिकलेला हात हाय हा. असा मानूस मापात कसा चुकला?"

मी खाली पडलेल्या रंगाच्या ढलप्या उचलायला वाकले.

उन्हाचं काम होत नाही, रेझिन डब्यातच घट्ट होतं, असं सांगून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं. मुक्कामाला मी जवळचं, नगर जिल्ह्यातलं कर्जत गाठलं. एस.टी. स्टँडजवळ स्वच्छ लॉज मिळालं, नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. वाटेत एका खानावळीत ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती, ठेचा न मागता आला. चव उत्तम होती, मला मात्र जेवण गेलं नाही.

दुसरा दिवस

सहाला शेडवर पोचले तेव्हा बापूंच्या पत्नी, कांताबाई, काचेच्या मॅटचे तुकडे फाडत बसल्या होत्या. ही मॅट म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं पांढरं कापड. ते रेझिनमध्ये भिजवून थरावर थर लावले आणि सुकले की फायबर तयार. कात्रीनं कापलं तर कडा उठून दिसतात म्हणून मॅट हातानं फाडायची. कांताबाईंनी मला बाह्या वर करायला लावल्या आणि दोन्ही हातांना पावडर थापली. "न्हाईतर दोन दिवस खाजवत बसाल. आन् घरी गेल्यावर पयलं गार पानी घ्या, गरम न्हाई."

बापूंनी कामाची रीत समजावली. आधी शरदनं दिलेल्या वळणावर बाहेरून मेण चोळून एक फर्मा, म्हणजे साचा, घ्यायचा. मग कच्चा भाग कापून टाकायचा. मग फर्मा बाहेरून बांधून आतल्या बाजूनं नवे थर द्यायचे.

"ते कापायलाच हवं का?" मी विचारलं. "त्याच्यावरूनच पक्कं नाही करता येणार?"

"खालचं कच्चं ठिवून वर थर दिला, तर पुन्यालाबी न्हाई पोचनार. तुमीच बसनार ना गाडीत?" ग्राइंडर हातात घेऊन ते थांबले. "बाक त्येंचाच राहतोय ताई. फर्म्यात उतरलाय."

ताटाएवढा तुकडा कापून निघाला. बापूंनी तो उलटा करून माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला ब्रशचे केस अडकलेले होते आणि कडेला अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. शरदचा. तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. तुकडा हातात धरून मी त्या दोघांना सगळं सांगितलं.

तो जानेवारी होता, कडाक्याची थंडी. शरदचे हात थरथरायचे म्हणून हार्डनरची सिरिंज माझ्याकडं होती. अर्धा किलो रेझिनला दहा मिली टाक, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. त्या वासानं त्याला ठसका लागत होता. मला वाटलं, हे विषच आहे, जेवढं कमी तेवढं बरं. वर्षभर त्याच्या भाजीत तिखट कमी, तेल कमी, मीठ कमी करत आले होते, त्याच हातानं मी चार मिली टाकलं. त्यानं विचारलं, "दहा?" मी म्हटलं, "हो, दहा."

मॅट लावताना मात्र त्याचे हात स्थिर होते. तासभर तो आजारी नव्हताच. दुसऱ्या दिवशी बोट लावून बघितलं, चिकट. चौथ्या दिवशीही चिकट. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माझा हिशोबच चुकायला लागला, सुनी. डोकं चालत नाही आता माझं." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिले. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावून वरून लांबी आणि रंग मारून घेतला. शरदनं पुन्हा त्या गाडीला हात लावला नाही. सात आठवड्यांनी तो गेला.

बापू मान खाली घालून ऐकत होते. कांताबाईंनी मॅटचा तुकडा खाली ठेवला. "सांगाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण माझी बाजूही त्यांनी घेतली नाही. मला त्याचं बरंच वाटलं. वर्षभर सगळे मला फक्त "तू खूप केलंस गं त्याचं" असं सांगत आले होते.

बापूंनी अर्धा किलो रेझिन मोजलं आणि सिरिंज माझ्या हातात दिली. "ऊन चढायलंय, गरमीत लवकर घट्ट हुतं, आज पाच बास." मी पाचच्या रेघेपर्यंत भरली, त्यांना दाखवली, मग ओतली. चार थर दिले. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, हे काम माझ्याकडं होतं. नऊपर्यंत संपलं. दुपारी बापूंनी नाणं वाजवलं, सगळीकडून टणटण.

तिसरा दिवस

सकाळी घासकाम आणि राखाडी प्रायमर. लाल रंग पुण्यात द्यायचा ठरवलं. सामान, मजुरी धरून बापूंनी साडेसहा हजार घेतले. जाणार असाल तर दोन मुक्काम धरून चला, आधी निरोप पाठवा आणि मे महिन्यात जाऊ नका. कापलेला तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला. परतताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओलांडल्या. संध्याकाळी पाचला घरी.

घरी

त्याच संध्याकाळी लेकीला, ऋचाला, नागपूरला फोन केला. गाडी नीट झाली म्हटल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा मला शेवटी म्हणाले होते, माझे हात गेले गं ऋचा. मला तेच आठवत राहतं."

"त्याचे हात गेले नव्हते," मी म्हटलं, आणि तिला चार मिलीची गोष्ट सांगितली. मध्ये थांबले नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सात आठवडे होते तुझ्याकडं, आई." आणि फोन ठेवला.

त्याला आज नऊ दिवस झाले. तिचा फोन आलेला नाही. येईल, किंवा मी नागपूरला जाईन. तिची चूक नाही.

हा ब्लॉग वाचून कोणी फायबरचं काम घरी करायला घेईल, त्यांच्यासाठी मापं वर दिली आहेत. पण तुमच्या घरात कोणी आजारी माणूस स्वतःच्या हातानं काही करू बघत असेल आणि तुमच्या हातात सिरिंज देत असेल, तर तो सांगेल तेवढंच टाका. आणि कमी टाकलंच असेल, तर तो असेपर्यंत त्याला सांगा.