घरून पाय धुऊन येणारे बाराजण

"डायबेटिक फूट अल्सर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे साखरेनं पायाला पडलेली जखम. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर मी तिच्यावर हळद दाबून फिरत होतो. "अंगठा राहतो का जातो, ते आठ दिवसांत कळेल."

माझं गाव बिलोलीजवळ. सातवीत शाळा सोडली. आता लातूरला मुलींच्या होस्टेलवर वॉचमन आहे. गेल्या वर्षी हे घडलं तेव्हा बायको गावी, सुनेच्या बाळंतपणात अडकलेली. त्यामुळं दवाखान्यात मी आणि माझा अंगठा, दोघंच.

सोमवारी डिब्राइडमेंट केली, म्हणजे सडलेलं मांस खरडून काढलं. पट्टीला हात लावू नका, असं बजावलं. रोज सकाळी मुदखेडची एक सिस्टर यायची, माझ्या लेकीच्या वयाची. ती जखम धुऊन नवी पट्टी बांधायची. वास असा, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट डबा घेऊन व्हरांड्यात जायचा. ती मात्र वाकून धुवायची. मी लाजेनं पंख्याकडं बघत राहायचो.

गुरुवारी उठल्यावर आठवलं, आज पवित्र गुरुवार. प्रभू येशूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले तो दिवस. आमच्या चर्चमध्ये फादर बारा गड्यांचे पाय धुतात. आता खरं सांगतो, त्या बाराजणांतला एकही घरून पाय न धुता येत नाही. मीही त्यातलाच, माझी बायको तर टाचा दगडानं घासून देते. म्हणते, "फादरसमोर माझी अब्रू घालवू नका." फादर धुतलेल्याच पायांवर पाणी सोडतात, पुसतात, आणि टॉवेल पांढराच्या पांढरा परत जातो.

त्या सवयीनं घात केला. सिस्टर यायच्या आत मी लंगडत बाथरूममध्ये गेलो, पट्टी सोडली आणि नळाखाली अंगाच्या साबणानं पाय घासला, जखमेसकट.

"मामा, हे काय करून ठेवलं?"

"बाई, तुमच्या हातात घाण पाय कसा द्यावा?"

"चांगल्या पायाला मी कशाला लागते, मामा?"

डॉक्टर आले, बघितलं. "रविवारपर्यंत थांबू. काळं वर सरकलं तर अंगठा काढायचा."

गुड फ्रायडेला उपास धरतो म्हणालो, तर सिस्टर म्हणाली, "इन्सुलिन घेतलंय, गुमान खावा," आणि भाकरी संपेस्तोवर समोरून हलली नाही. त्या शिष्यांतला पेत्र आधी प्रभूला पाय धुऊ देईना, त्याला मी जन्मभर हसलो. खाटेवर पडल्यावर कळलं, आपला पाय दुसऱ्याच्या हातात देणं लई जड असतं.

रविवारी, ईस्टरला, म्हणजे प्रभू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला त्या सणाला, पट्टी सोडली. मी डोळे मिटले. डॉक्टरांनी चिमट्यानं दाबून बघितलं. "रक्त येतंय. अंगठा जिवंत आहे."

"तिसऱ्या दिवशी, साहेब," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी इंजेक्शन चालू ठेवायला सांगितलं. फादरलाही हे बोलून दाखवायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तुमच्यात कुणाला साखर असेल, तर रोज पाय बघा. न दुखणारी जखम आधी दाखवा.

यंदाच्या पवित्र गुरुवारी बायको घरी दगड घेऊन बसली होती. डॉक्टरांनी दगड बंद केलाय, असं फोनवर सांगून मी एसटीतून उतरलो तो थेट चर्चमध्ये, बाराजणांत जाऊन बसलो. सँडलमधून धूळ पार बोटांत गेलेली. फादरनी पाय पुसला. टॉवेल काळा झाला. त्यांनी वर बघितलं. बायकांच्या बाजूनं आमचं माणूस डोळे वटारून बघत होतं.

मला मुदखेडच्या त्या पोरीचे हात आठवले. मी दुसरा पाय पुढं केला.