चाळीनं पाळलेला ड्रॅगन

गेल्या वर्षी मी एक कादंबरी लिहायला घेतली. दोनशे पानी वही आणि तीत ड्रॅगनची गोष्ट. लिहिताना चाळीत कोणी ना कोणी काहीतरी बोलायचं आणि मी ते वहीच्या शेवटच्या पानापासून उलटं टिपत जायची. असं करता करता एक दिवस मागून येणारी टिपणं पुढून येणाऱ्या गोष्टीला जाऊन भिडली. त्या टिपणांतलं काही इथं देते.

आमची चाळ घोडपदेवची. मी नववीत आहे. माझं अक्षर बरं आहे, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. वर्गात हजेरीच्या वेळी शेजारी बसणारी सुमती माझ्या वतीनं ‘हजर’ म्हणते. सुमती आमच्याच चाळीत तळमजल्यावर राहते. म्हणून ठरलं, मी लिहायचं आणि तिनं वाचायचं. रोज संध्याकाळी ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला टेकून मोठ्यानं वाचायची. मी आमच्या दाराआड लपून ऐकायची. लिहिणारी कोण ते माझ्या मते कुणालाच माहीत नव्हतं. दाराखालून माझ्या परकराचा काठ रोज दिसायचा, हे सुमतीनं मला फार उशिरा सांगितलं.

तिची एकच अट होती. “शेवटचं प्रकरण तू वाचायचंस. सगळ्यांसमोर.”

मी हो म्हटलं, कारण शेवट अजून लांब होता. आणि तो लांबच राहावा म्हणून मी प्रकरणं वाढवत गेले. त्या कामी चाळीनं मला जी मदत केली, तिला तोड नाही.

*

ड्रॅगन आमच्या घरी आला तो चहाच्या रिकाम्या पेटीवरून. वडील माझगावच्या गोदीत फिटर आहेत, त्यांनी ती लाकडी पेटी आणली. पेटीवर लाल रंगात पाय असलेला, मिशीवाला साप होता.

“हा मेला पाय फुटून चाललाय कुठं?” आईनं विचारलं.

“ड्रॅगन म्हणतात त्याला. बोटीवरच्या खलाशानं सांगितलं. आग ओकतो.”

“ओकू दे. उंदीर तरी भितील.” आईनं पेटीत तांदूळ भरले.

आठ दिवसांत उंदरांनी पेटीचा कोपरा कुरतडला, तोही नेमका शेपटीकडचा. माझा ड्रॅगन भित्रा असणार, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

*

माझ्या ड्रॅगनचं नाव धुऱ्या. तो लालबागच्या एका गिरणीच्या चिमणीत राहतो आणि रत्नी नावाच्या मुलीशिवाय कुणालाच ते ठाऊक नसतं. तिसऱ्या प्रकरणात तो रत्नीला पाठीवर घेऊन कॉटन ग्रीनवरून उडतो. सुमतीनं ते वाचलं आणि भिवाकाका ताडकन उठले. ते तिथल्याच कापसाच्या गोदामात कामाला आहेत.

“तिकडून नाही उडवायचा. खाली रुईच्या गासड्या आहेत.”

“काका, गोष्ट आहे,” सुमती म्हणाली.

“असू दे गोष्ट. आम्हाला आत विडी न्यायची बंदी आणि हा तोंडात विस्तव घेऊन फिरणार? समुद्रावरून ने म्हणावं त्याला.”

मी प्रकरण नव्यानं लिहिलं. समुद्रामुळे चार पानं वाढली. भिवाकाकांनी ती उभं राहूनच ऐकली आणि धुऱ्या पाण्यावर पोचल्यावर मगच बसले.

*

शेजारच्या मालवणच्या काकू धुऱ्याच्या जेवणावर नाराज होत्या. मी त्याला रोज एक बोकड लिहिला होता.

“रोज एक बोकड? खंयसून आणतलो तो?” त्या म्हणाल्या. “बांगडे लिही. एक फूक मारल्यान काय भाजले. राकेल नको, चूल नको.”

त्या दिवसापासून धुऱ्या बांगडे खातो.

*

परबकाका संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक सभेला जायचे. त्यांना एकच शंका होती. “हा ड्रॅगन कुणाच्या बाजूचा?”

सुमती म्हणाली, “काका, लालबागच्या चिमणीत राहतो. आणखी कुणाच्या बाजूचा असणार?”

“ते झालं. पण मोर्चाला येतो का?”

मी त्याला मोर्चात घातलं. कुणाला भाजू नये म्हणून अगदी मागं ठेवलं. परबकाकांना ते पटलं नाही. “मागं कशाला? पुढं ठेव. लाठीवाले जवळ यायचे नाहीत.”

“पुढं बायका आणि पोरं असतात,” आई घरातूनच म्हणाली. “मागंच बरा आहे तो.”

यावर गॅलरीत मतदान झालं. आई जिंकली.

*

एका हरताळानंतर पोलीस पत्रकं शोधायला चाळीत आले. आमच्या खोलीत त्यांना पत्रकं मिळाली नाहीत, वही मिळाली. हवालदारानं मधलंच पान उघडलं आणि वाचलं, “उद्या पहाटे भायखळ्याच्या पुलावरून आग येईल. कुणाला सांगू नकोस.”

त्यानं मान वर केली.

“हे कुणी लिहिलंय?”

माझा घसा नेहमीप्रमाणे बंद झाला. वडील पुढं झाले. “मी लिहिलंय, साहेब.”

हवालदारानं पान उलटलं. “‘धुऱ्यानं शेपूट गोळा केलं आणि तो रत्नीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेला.’ हेही तूच?”

“हो,” वडील म्हणाले.

हवालदार दाराच्या उंबऱ्यावर बसून आणखी सात पानं वाचत राहिला. मग त्यानं वही वडिलांच्या हातात दिली, पण बोलला माझ्याकडे बघून.

“पुलावर आमची गस्त असते. त्याला वाडीबंदरकडून न्या.”

*

शेवटच्या प्रकरणात शहरातले लोक दगड घेऊन धुऱ्याला मारतात, असं मी आधीपासून ठरवलं होतं. ते फक्त सुमतीला माहीत होतं आणि तिनं ते घरी सांगितलं. तिचे बाबा पोस्टात आहेत. दीक्षेनंतर त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर लागली, तिच्याखाली बसून ते रोज पेपर वाचतात. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“त्यानं कुणाचं काही वाईट केलंय का, पोरी?”

मी मान हलवली. नाही.

“मग मारतेस कशाला?”

याला मान हलवून उत्तर देता येईना.

ते म्हणाले, “गोष्ट लिहिणाऱ्यानं ज्याला राक्षस म्हटलं, तो राक्षस झाला. असं फार दिवस चाललं. आता लिहायचा टाक तुझ्या हातात आहे. जरा बघून लिही.”

त्यांनी मला चहा दिला. मी घरी येऊन शेवट बदलला. आता लोक दगड खाली टाकतात आणि धुऱ्या चिमणीतच राहतो. एवढं लिहिलं आणि वहीत एकही कोरं पान उरलं नाही.

*

रविवारी संध्याकाळी सुमतीनं मला हाताला धरून दाराबाहेर काढलं आणि माझ्या हातात वही दिली. गॅलरीत माणसं दाटीनं बसली होती, जिन्यावरही होती. मी वाचायला लागले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला ते कळत होतं, पण थांबताही येईना.

“मोठ्यानं,” मागून कुणीतरी म्हणालं. “गप रे,” दुसरं कुणीतरी म्हणालं. वडील खाली बघत होते.

सर्वांत पुढं अर्जुनकाका बसले होते. पंचवीस वर्षं गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर काम करून त्यांचे कान पार गेलेत. कानाशी ओरडलं तरी “काय?” म्हणतात. साचेखात्याच्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथं सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. अर्जुनकाका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांच्या त्या दांडग्या आवाजात ते बोलू लागले, “रत्नी चिमणीच्या टोकार चढली. खाली बघता तर ही माणसां.”

सगळी गॅलरी त्यांच्याकडे वळली. मी वाचत गेले आणि ते सांगत गेले. ‘धुऱ्याचे डोळे पाणावले’ असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, “धुऱ्याच्या डोळ्यांक पाणी इला.” मला तेच जास्त बरं वाटलं.

लोक दगड उचलतात तिथवर मी आले. समोर भिवाकाका, मालवणच्या काकू, परबकाका, सुमतीचे बाबा, सगळे श्वास रोखून बसलेले दिसले आणि पुढची ओळ मला दिसेनाशी झाली. माझे ओठही थांबले.

अर्जुनकाका जरा पुढं सरकले.

“थांबलंस कित्याक गो? माका आयकाक येता. वाच.”