वहीतलं ‘सी मी’

मी नववीत असताना इंग्रजीच्या सरांनी माझ्या निबंधाखाली लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते, ‘सी मी’. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी वही दप्तरात कोंबली, पण संध्याकाळी बाबांनी ती बाहेर काढलीच.

बाबा रामदासपेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. इंग्रजी मजकुराचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ते भराभर जुळवत. अक्षरं सगळी ओळखीची, अर्थ मात्र मोजक्याच शब्दांचे ठाऊक. हे दोन शब्द नेमके त्यांतले निघाले.

“सी म्हणजे पाहणे, मी म्हणजे मले,” बाबा म्हणाले. “मले पाहा? मास्तर पोरीले असं काहून लिहिते? वय काय त्याचं?”

“माहीत नाही. नवीन आहेत.”

“लगन झालं का त्याचं?”

मी वही परत दप्तरात ठेवू लागले, तर त्यांना आणखीच संशय आला. आई चुलीपासून उठून आली आणि माझा चेहरा निरखू लागली. मी काही केलं नव्हतं, तरी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी बाबा अर्धी रजा टाकून माझ्यासोबत शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी वही सरांपुढे ठेवली आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

“सर, याचा मतलब काय?”

“मला येऊन भेट. दुसरं काय?”

बाबांचे खांदे जरा सैल झाले. पण सरांचंही काही म्हणणं होतं. निबंधाचा विषय होता ‘माझे वडील’. त्यातल्या एका ओळीखाली सरांनी लाल रेघ मारली होती.

“हे हिचं नाही. ‘आय डू नॉट सी व्हाय नोबडी टॉट हिम टु रीड इट.’ इथे सी म्हणजे पाहणे नव्हे, समजणे. वर्गात एकालाही हे येत नाही. तुमच्या घरी इंग्रजी कोणाला येतं?”

“कोणालेच नाही.”

“मग?” सरांनी विचारलं. त्या ‘मग’मध्ये आमची वस्ती, आमचं घर, सगळं आलं.

बाबांनी ओळीचा अर्थ विचारला. सरांनी सांगितला. माझे वडील दिवसभर इंग्रजी जुळवतात, पण ते वाचायला त्यांना कुणी का शिकवलं नाही, हे मला समजत नाही. बाबांनी वही मिटून सरांकडे सरकवली. मग म्हणाले, “तिले इथंच बसवा. तुमच्यासमोर लिहू द्या.”

सरांनी कागद पुढे केला. सी घालून वाक्य लिही, पण पाहणे आणि समजणे हे अर्थ नकोत. मी लिहिलं, ‘माय फादर हॅज कम टु सी यू.’

सरांनी ते दोनदा वाचलं. “कुठे शिकलीस?”

“बाबा छापखान्यातली रद्दी प्रुफं आणतात, चूल पेटवायला. जाळायच्या आधी मी वाचते. अडलं तर शाळेतली डिक्शनरी बघते. सी तिथे पाऊण पान आहे.”

“आय सी,” सर म्हणाले. पण निबंधाला मार्क त्यांनी त्या दिवशीही दिले नाहीत.

बाबा सायकल हातात धरून माझ्यासोबत फाटकाबाहेर आले. मग सायकल थांबवून हळूच म्हणाले, “खरं सांग वं. त्या प्रुफातलं उचललं तर नाही ना?”

सरांपुढे न आलेलं रडू तेव्हा आलं. दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक प्रुफ माझ्यापुढे सरकवलं. कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात होती. “मी जुळवलं हे. काय लिहिलं आहे, सांग.”

ही परीक्षाच आहे, असं मला वाटलं. मी वाचून तुटकपणे अर्थ सांगितला. “डॉक्टर सकाळी दहापासून पेशंट तपासतील.”

“इथं सी आहे. पाहतील नाही?”

“पाहतील नाही. तपासतील.”

ते त्या शब्दावर बोट फिरवत राहिले. मला जोखत होते की स्वतः शिकत होते, ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दोन प्रुफं आणली आणि कंदिलाजवळ मला जागा करून दिली.