खसबच्या खोरमधला माझा उन्हाळा

जुनी नोकरी मेच्या अखेरीस संपली आणि नवी सप्टेंबरात सुरू होणार होती. मधले तीन महिने काय करणार, असं मस्कतमधल्या मैत्रिणींनी विचारलं. "खसबला चाललेय, कयाक गाइड म्हणून," असं सांगितलं की त्या आधी हसायच्या आणि मग म्हणायच्या, "भर उन्हाळ्यात? मुसंदमला? वेडी झालीस का?"

थोडा वेडेपणा होताच. मुसंदम म्हणजे ओमानचं उत्तरेकडचं टोक, आणि खसब हे तिथलं बंदराचं गाव. तिथे उघडेबोडके डोंगर सरळ समुद्रात उतरलेले आहेत आणि त्यांच्यामधून समुद्र लांब, चिंचोळा होऊन आत घुसलेला आहे. अशा घुसलेल्या समुद्राला तिथे खोर म्हणतात. हिवाळ्यात पर्यटकांची रीघ असते. जुलैत सकाळी दहानंतर तिथल्या दगडावर हात टेकवत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. वाढले मस्कतच्या हमरिया भागात, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, खाली टेलरचं दुकान. पुढे बाबांना सोहारच्या पोलाद कारखान्यात टेक्निशियनचं काम मिळालं, तेव्हा ते आणि आई तिकडे गेले. मी नोकरीसाठी मस्कतलाच राहिले. ऑफिसातल्या एका सहकारिणीच्या नादाने चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा कयाकमध्ये बसले. ही अरुंद, लांबोडकी होडी. कमरेपर्यंत आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं चालवायचं. मला त्याची चटकच लागली. शुक्रवार-शनिवार समुद्रावर जायला लागले, मग रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळवलं.

खसबमध्ये कयाकचा व्यवसाय करणारे साठीचे ओमानी गृहस्थ होते. उमेदीची वर्षं मासेमारीत गेलेली, हिंदी अस्खलित. सगळे त्यांना अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक. बायकांचे ग्रुप यायला लागले होते आणि त्यांना बाई गाइड हवी होती. फोनवरच मुलाखत झाली.

"स्विमिंग आता है?"

"आता है."

"गुस्सा आता है?"

"कभी कभी."

"समंदर पे नहीं आना चाहिए. खलास. आ जाओ."

पहिल्या सकाळी त्यांनी मला खोल पाण्यात नेलं आणि कयाक उलटी करून पुन्हा आत चढायला लावलं. एकदा नाही, दहा वेळा. सातव्या वेळी माझे दंड भरून आले. मी बाजूला लोंबकळत दम खात होते आणि अर्बाब आपल्या बोटीत बसून खजूर खात म्हणत होते, "यल्ला, फिर से." दहाव्यांदा चढले तेव्हा त्यांनी खजुराची पिशवी माझ्याकडे फेकली. त्या दिवसापासून मी कामाला लागले.

पहाटे चारला उठायचं. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, खजूर, लिंबू-मिठाचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, सगळं भरायचं. उजाडताना लोकांना पाण्यात उतरवायचं आणि नऊ-साडेनऊच्या आत परत आणायचं. जून संपेपर्यंत खांदे दोरखंडासारखे पिळदार झाले आणि नाकाची कातडी दोनदा सोलून निघाली. लोक आले की माझ्याकडे बघून माझ्या मागे बघायचे, खरा गाइड तिथे असेल म्हणून. सुरुवातीला मला राग यायचा. मग मी सरळ म्हणायला लागले, "मीच. चला, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा."

अर्बाबनी मला वारा वाचायला शिकवला. तिथला वारा कुठल्याही अॅपला न जुमानता एखाद्या डोंगरघळीतून अचानक सुटतो. "मोबाइल मत देखो, पानी देखो," ते म्हणायचे. लांबवर पाण्यावर काळसर पट्टा सरकताना दिसला की वारा तिथे पोचलेला असतो आणि तुमच्याकडे यायला त्याला काही मिनिटंच लागतात.

बाबांचा रोज फोन यायचा. इतकी वर्षं आखातात काढूनही ते घरी वऱ्हाडीच बोलतात. "आज गेलती काय पाण्यात?" मी हो म्हटलं की ते जेवणाचं विचारायचे. जुलैच्या मध्याला त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि सोहारजवळच्या शिनासहून फेरीबोटीने खसबला आले. बोटीतच त्यांना उलट्या झाल्या. धक्क्यावर उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक, हातात आईने दिलेली जवसाच्या चटणीची बरणी.

"तू काय करते ते पाहाले आलो," ते म्हणाले. "मले बोटीत नको बसवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बायकांचा ग्रुप होता, मस्कतच्या एकाच ऑफिसातल्या. दोन-दोन जणींच्या तीन कयाक आणि माझी एकटीची. त्यांच्यात पन्नाशीच्या एक मराठी काकू होत्या, मूळच्या ठाण्याच्या. "मला धड पोहता येत नाही हं," त्यांनी आधीच सांगितलं होतं. आमच्या मागे अंतर ठेवून अर्बाबची मोटारबोट येणार होती. अर्बाबनी बाबांना गोड बोलून, चहा पाजून तिच्यात बसवलंच.

जाताना पाणी तेल ओतल्यासारखं होतं. डॉल्फिनही दिसले. बायकांनी आरडाओरडा केला, फोटो काढले. परतीला निघालो तेव्हा साडेसात झाले असतील. खोरच्या मध्यावर होतो आणि मला उजवीकडे तो काळा पट्टा दिसला.

मी शिट्टी वाजवली आणि तिन्ही कयाक जवळ बोलावल्या. जवळच्या सुळक्याआड एक लहानशी वाळूची पुळण होती, चार-पाचशे मीटरवर. तिथे वारा लागणार नव्हता. "सरळ घरी नाही जायचं," मी म्हणाले, "त्या खडकाकडे वळा. आत्ता." दोन कयाक वळल्या. तिसरी वळताना वारा पोचला आणि लाटेने तिला आडवं धरून पालथं केलं. त्यात काकू होत्या.

वायरलेसवर अर्बाबचा आवाज आला. ते पाऊण किलोमीटर मागे होते. "आऊँ क्या?"

तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. हो म्हटलं असतं तर मोटारबोट आली असती, पण त्या उसळत्या पाण्यात दोन बायका पाण्यात आणि चौघी होड्यांत असताना मध्ये बोटीचा फिरता पंखा आणणं मला धोक्याचं वाटलं. "अभी नहीं," मी म्हणाले. "मैं किनारे ले जा रही हूँ. आप उधर ही रुको."

"ठीक है," ते म्हणाले.

चौघींना मी एकमेकींच्या कयाक घट्ट धरून ठेवायला सांगितलं. तसं जोडून धरलं की होड्या तराफ्यासारख्या होतात, सहसा उलटत नाहीत. पालथी कयाक सरळ केली. दोघींतली तरुण मुलगी पहिल्याच झटक्यात चढली. काकू चढेनात. त्यांनी माझ्या कयाकचं टोक दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या.

"काकू, डोळे उघडा."

"मला नाही जमणार गं. मला इथेच धरून ठेव."

"जॅकेट तुम्हाला धरून आहे. बघा, तुम्ही तरंगताय. माझ्याकडे बघा, लाटांकडे नको. तीन म्हटलं की पाय मारायचे आणि पोटावर आडवं पडायचं, मुलं कट्ट्यावर चढतात तसं. एक, दोन..."

पहिल्या वेळी त्या घसरल्या. दुसऱ्या वेळी मी त्यांचं जॅकेट मागून पकडून ओढलं आणि त्या धप्पकन आत पडल्या, पालथ्या, पाय बाहेर. तशाच पडून त्या म्हणाल्या, "आता काय करू?" मला त्या गडबडीतही हसू आलं.

कयाकमध्ये पाणी भरलं होतं आणि काकूंना वल्हं धरता येईना. मी त्यांची कयाक माझ्या कमरेच्या दोरीला बांधली आणि ओढायला लागले. बाकीच्या दोन माझ्या पुढे ठेवल्या. वारा आडवा. दहा हात पुढे गेलं की चार हात मागे. मी मोठ्याने आकडे म्हणत होते. तरुण मुलगीही माझ्याबरोबर म्हणायला लागली आणि जमेल तसं वल्हं मारायला लागली. त्या चार-पाचशे मीटरना किती वेळ लागला ते मला माहीत नाही. सुळक्याआड शिरलो आणि वारा दार लावावं तसा बंद झाला. पुळणीवर मी डोकी मोजली. सहा. परत मोजली.

कपारीच्या सावलीत आम्ही जवळपास दोन तास बसलो. मी सगळ्यांच्या डोक्यावर ओले पंचे टाकले, पाणी घोट-घोट वाटलं. कुठून तरी दोन शेळ्या आल्या आणि आमचा निम्मा खजूर खाऊन गेल्या. काकूंनी उरलेला मुठीत लपवला आणि म्हणाल्या, "हा आधी गाइडला." मी खजूर तोंडात टाकला आणि पुन्हा एकदा डोकी मोजली.

वारा पडल्यावर अर्बाबची बोट आत आली. ती नीट थांबायच्या आधीच बाबा गुडघाभर पाण्यात उतरले, बुटांसकट. ते माझ्यापर्यंत आले. मला वाटलं रागावतील. त्यांनी माझ्या हातातलं वल्हं घेतलं, माझ्या तळहाताला आलेले फोड बघितले, आणि बोटीत सामान चढवू लागले.

नंतर अर्बाबनी मला सांगितलं की कयाक उलटली तेव्हा बाबा उभे राहून ओरडत होते, बोट न्या, बोट न्या. अर्बाबनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "मैंने बोला, बैठो बाबा. उसको मालूम है." मला कुणी आजवर दिलेल्या कुठल्याही सर्टिफिकेटवर इतकं चांगलं वाक्य लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांची फेरीबोट दुपारची होती. सकाळी सहाला मी कयाक धूत होते, ते येऊन उभे राहिले. जॅकेट उलटं घातलेलं.

"मले बसव," ते म्हणाले.

मी जॅकेट सरळ करून दिलं, पट्टे आवळले आणि त्यांना दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसवलं. किनाऱ्याच्या कडेकडेने हळू नेलं. त्यांनी दोन्ही बाजू घट्ट पकडल्या होत्या. बऱ्याच वेळाने ते मागे न बघता बोलायला लागले.

"आमच्या गावात मोठी हीर होती. बारव. गावातले पोट्टे उन्हायात धडाधड उड्या मारत. आमी दूर बाभयीखाली उभे राहून पाहू. जवय गेलं की गोटे मारत. एक डाव मी गेलतो. तुह्या आज्यानं मले मारलं, मंग रातभर माह्यापाशी बसून राहिला. म्हणे, पाणी त्यायचं हाय." ते थांबले. "म्हणून पोहनं नाही आलं. मले वाटे, पाण्याचा भेव हाय मले. पाण्याचा नव्हता वं."

मी वल्हं थांबवलं. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. कयाक आपोआप पुढे सरकत राहिली.

मग त्यांनी एक हात सोडला आणि पाण्यात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. "गरम हाय," म्हणाले. ओंजळीने पाणी घेऊन तोंडावर मारलं, खारट लागलं तसं थुंकले आणि हसले. "कोनाचं हाय बाप्पा हे पाणी?"

"आज आपलं," मी म्हणाले.

ऑगस्ट संपेपर्यंत मी रोज पाण्यात होते. एकही माणूस कमी न करता सगळे परत आणले. निघताना अर्बाबनी हात मिळवून विचारलं, "नवंबर में आओगी?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." नोव्हेंबरात सुट्टी काढून गेलेच, आणि तेव्हाच्या ग्रुपमध्ये काकू होत्या, या वेळी सुनेला घेऊन.

त्याआधी सप्टेंबरात नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी फॉर्म भरायला दिला. आधीच्या नोकऱ्यांच्या रकान्यात मी इंजिनिअरिंगच्या दोन नोकऱ्या लिहिल्या आणि खाली लिहिलं: समुद्री कयाक गाइड, खसब, तीन महिने. माझ्या नव्या साहेबांनी तिथे बोट ठेवलं. "हे हॉबीत लिहायचं ना?"

"नाही सर," मी म्हणाले. "ती नोकरी होती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, आणि फॉर्म तसाच पुढे पाठवला.