जोडचाक आणि प्लासिदचा कान

सावित्रीच्या हातातला ट्रे पडला, चहाचे चार ग्लास फुटले, आणि जेमतेम पाच हातांवर उभ्या असलेल्या प्लासिदला त्याचा आवाज म्हणून आला नाही. काचा चपलेपाशी आल्या तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने अपघात पाहिले होते, उलटलेले डंपर पाहिले होते, पण त्या दुपारी तो जो हबकला तसा कधी हबकला नव्हता.

पण थांबा. आधी हा प्लासिद कोण, ते सांगतो.

प्लासिदचं टायरचं दुकान कसाल तिठ्यावरून मालवणकडे वळलं की लगेच उजव्या हाताला. दुकान कसलं, वर पत्रे, आत कॉम्प्रेसर आणि दारात रचलेले टायर. पंक्चर काढणारे हायवेवर छप्पन्न सापडतील. प्लासिदकडे गाडी यायची ती चाक अडकलं की. ट्रकला मागे दोन्ही बाजूंना दोन दोन चाकं असतात, एक बाहेर आणि एक आत, एकमेकांना खेटून. सगळे नट सोडले तरी ही जोडचाकं कधीकधी आसाच्या टोकाच्या हबवरून निघायचं नावच घेत नाहीत. त्यात मालवणच्या बंदरावरून मासळी नेणारे ट्रक असले तर विचारूच नका! बर्फ वितळून खारं पाणी रोज त्या चाकांवर ठिबकतं आणि आतलं चाक गंजून हबला अशी मिठी मारतं की चार मेकॅनिक हात टेकतात आणि म्हणतात, जा बाबा प्लासिदकडे.

मग प्लासिद आपलं एकेक अस्त्र काढायचा. आधी नट दोन आटे ढिले करून गाडी हळूच पुढेमागे करायची. नाही सुटलं, तर डिझेल सोडायचं. तरी नाही, तर लाकडाचा ठोकळा लावून घण. आणि अगदीच हट्टाला पेटलं तर शेवटी गॅसच्या बत्तीने लोखंड तापवायचं. पण बत्तीच्या आधी टायरातली हवा संपूर्ण गेलीच पाहिजे. हवा भरलेल्या चाकाला आग लावली की आतली हवा तापते, टायर बाँबसारखा फुटतो, आणि समोरच्या माणसाला मग घरचे ओळखत नाहीत. प्लासिद ज्याच्या हाताखाली शिकला त्या इन्सुलीच्या उस्तादाचा नियमच होता: पिन काढ, तार घाल, मग आग लाव. हवा भरायच्या नळीतली ही पिन काढली तरी गंजाने भोक बुजलेलं असू शकतं, म्हणून आत तार फिरवून बघायची.

प्लासिदने यातली तार तरुणपणीच सोडून दिली. त्याला तिची गरजच काय? तो इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, व्हायोलिन वाजवायचा. कुणाचा सूर केसभर हलला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. तो पिनेच्या भोकाला कान लावायचा आणि हवा किती उरली ते सांगायचा. "माझो कान आसा मरे, तार कित्याक व्हयी?" असं म्हणायचा आणि खरंच कधी चुकला नाही. तिठ्यावर त्याच्या कानाचं केवढं कौतुक!

घण मारायला होता लवू. धामापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, तीस वर्षं प्लासिदच्या जोडीला. घणाच्या आवाजाने आठ वर्षांपूर्वी बिचाऱ्याचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून तो प्लासिदच्या ओठांकडे बघून काम करायचा. प्लासिदने "गेली" म्हटलं की हवा गेली. लवूचे हात आणि प्लासिदचा कान, असं ते दुकान चालायचं. लवूच्या बायकोची, सावित्रीची चहाची टपरी शेजारीच होती. दोघांचं हसणं-भांडणं ती तिथूनच ऐकायची आणि तिथूनच उत्तरं द्यायची.

आता एक सांगा, जो घण लवूचे कान खाऊन गेला, तो प्लासिदला सोडेल का? पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्लासिदच्या आलं होतं, आणि त्याने ते तिथल्या तिथे गाडून टाकलं. दोन वर्षांपूर्वी व्हायोलिनच्या सगळ्यात बारीक तारेचा सूर त्याला ऐकू येईनासा झाला. त्याने खांदा दुखतो असं सांगून इगर्जीत वाजवणं बंद केलं. पुढे कुकरची शिट्टी गेली, मोबाइलची घंटा गेली. एकदा तर अंगणात बसून बायकोला म्हणाला, "गो तेरेझा, औंदा डास कमी झाले." तेरेझाने त्याच्या दंडावरचे लाल लाल फोड बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला. माणसांचं बोलणं अजून नीट कळत होतं, म्हणून सगळं झाकून राहिलं. ज्याच्या कानावर दुकान चालतं त्याने कान गेला असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

वर्षभरापूर्वी लवूला एक नवी सवय लागली होती. पिन काढली की तो उघड्या भोकावर तळहात धरायचा आणि मग तो हात कपाळाला लावायचा. प्लासिदला हसू यायचं. "मेल्या, टायराच्या कसल्या पायां पडतंस?" लवू नुसता हसायचा.

तर त्या दुपारी दत्तप्रसाद नावाचा ड्रायव्हर मालवणहून मासळीचा ट्रक घेऊन आला. माल गोव्याला जायचा होता. मागच्या जोडचाकांच्या मधे एक धोंडा अडकून आतल्या टायरला कापत गेला होता. टायरची बाजू फाटून आतले दोरे दिसत होते. हवा अजून पुरी होती, पण असा टायर कधी जीव घेईल सांगता येत नाही. दोन्ही चाकं काढून आतला टायर बदलायलाच हवा होता.

लवू खाली शिरला. धोंडा फोडून काढायला त्याला अर्धा तास लागला. वरून बर्फाचं पाणी त्याच्या हातांवर सारखं गळत होतं. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं पांढरीफटक पडली होती आणि तो ती काखेत दाबून उभा राहिला. प्लासिदने दोन्ही टायरांच्या पिना काढल्या. बाहेरच्याची हवा धडाक्यात गेली. आतल्याची जराशी उसळली आणि थांबली. प्लासिदने भोकाला कान लावला. आत शांत होतं. लवूने नेहमीसारखा तळहात धरला, कपाळाला लावला.

"गेली," प्लासिद म्हणाला.

बाहेरचं चाक सात-आठ घणांत सुटलं. आतलं मात्र हलेना. जॅकवरची गाडी पुढेमागे करता येत नव्हती, डिझेल सोडून झालं. मागून घण मारायला जागा नव्हती. जॅकवर उचललेला टायर भरलेला काय आणि रिकामा काय, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. दत्तप्रसाद घड्याळ दाखवत राहिला आणि मग वैतागून फोनवर बोलायला रस्त्यापलीकडे गेला. "बत्ती लाव," प्लासिदने लवूला सांगितलं. लवूने सिलिंडर उघडला, बत्ती पेटवली आणि चाकासमोर उकिडवा बसला. त्याचं तोंड रिमपासून हातभरसुद्धा लांब नव्हतं.

तेवढ्यात सावित्री चहा घेऊन आली.

तिने ऐकलं. बारीक, अगदी बारीक शीळ. भोकात खारट गंजाची गुठळी अडकली होती आणि तिच्या फटीतून हवा सूं सूं करत येत होती. सावित्रीने तीस वर्षं या दुकानाशेजारी काढली होती. हवा आत असताना बत्ती पेटली तर काय होतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ती किंचाळली. लवूला ऐकूच येत नाही, तो बत्ती पुढे नेतोय! तिने ट्रे टाकला, धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत मागे ओढलं. बत्ती मातीत पडली. तिने सिलिंडर बंद केला आणि मगच वळली.

"भावजीनु! हवा आसा आत! आयकाक येना नाय तुमका?"

प्लासिद तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग चाकाकडे. मग पायाजवळच्या काचांकडे. शीळ? कसली शीळ? त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. "हायवेचो आवाज होतो गो," असं तो कसंबसं म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

लवू उठला. काय झालं ते बायकोच्या ओठांवरून त्याला कळलं. त्याने एक पातळ खिळा घेतला, अंग एका बाजूला ठेवून भोकात घातला आणि टोचला. गुठळी सुटली. बाप रे बाप! जी हवा सुटली तिने जमिनीवरचा धुरळा उडवला, काचांचे तुकडे हलवले. हा जाड आवाज मात्र प्लासिदलाही ऐकू आला. हवा जातच होती, जातच होती. एवढी सगळी हवा लवूच्या तोंडासमोर होती आणि आपण "गेली" म्हणालो. प्लासिद टायरच्या ढिगावर मटकन बसला.

"किती दिस?" सावित्रीने विचारलं. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

"दोन वर्सां," तो म्हणाला.

सावित्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "दोन वर्सां तुमी ह्याका असोच चाकाफुडे बसवतास?" तिने पदराने तोंड पुसलं आणि काचा गोळा करायला खाली बसली. तो मदतीला वाकला तर तिने त्याचा हात बाजूला सारला.

चाक शेवटी लवूनेच काढलं. ट्रक गेला, सावित्री टपरीत गेली. मग लवू त्याच्यासमोर येऊन बसला आणि आपला तळहात पुढे धरला. बोटं अजून पांढरी होती.

"तुका आयकाक येना नाय तां माका ठावक होता," तो म्हणाला. "वर्स झाला."

प्लासिदला वाटलं, आपण ओठ चुकीचे वाचतोय. मग आठवलं, ओठ लवू वाचतो. आपण ऐकतोय.

"म्हणान मी हात धरी होतंय. हवा असली तर हाताक लागता. आज बोटां बर्फान मेलली, काय्येक लागला नाय, वाटला हवा गेली."

"पायां पडत नाय होतंस?"

"टायराच्या कोण पायां पडता, मेल्या?"

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय." लवूने खांदे उडवले. "तुका वायट वाटात म्हणान गप रवलंय."

म्हणजे वर्षभर हा माणूस त्याचं "गेली" ऐकत नव्हताच. तो स्वतःच्या हातावर जगत होता आणि वर प्लासिदची अब्रू सांभाळत होता. आणि आज तो हात मेला, त्या एका दिवशी त्याच्यापाशी प्लासिदच्या कानाशिवाय काही उरलं नव्हतं. लाजेने त्याला वर बघवेना.

घरी गेल्यावर त्याने तेरेझाला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिने एवढंच विचारलं, "सावित्री आयली नसती तर?" जेवण कुणालाच गेलं नाही. मग प्लासिदने कपाटावरचं व्हायोलिन खाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूचा एक डंपर आला, तसंच अडकलेलं जोडचाक घेऊन. सावित्री टपरीच्या दारात येऊन उभी राहिली. लवू येईल की नाही याची प्लासिदला खात्री नव्हती, पण तो आला होता, घण घेऊन. प्लासिदने पिन काढली. कान लावला नाही. खिशातून एक बारीक चकचकीत तार काढली, भोकात खालपर्यंत घातली, फिरवली, बाहेर काढली आणि परत घातली. मग स्वतःचा तळहात धरला. मग लवूलाही धरायला लावला.

"ही तार खंयची?" लवूने विचारलं.

प्लासिदने हळूच सांगितलं. लवूला ओठ दिसले नाहीत. त्याने हाताने खूण केली, परत सांग.

प्लासिद सरळ उभा राहिला आणि या वेळी मोठ्याने बोलला, सावित्रीला टपरीत ऐकू जाईल आणि डंपरवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"व्हायोलिनाची. माका आयकाक येय नाय होती, ती."